अहमदाबाद: कापडगिरण्यांनी घडवलेलं शहर कसं पाहायचं?

अहमदाबादला फिरायला जाणाऱ्या बहुतेकांची यादी ठरलेली असते. साबरमती आश्रम, रिव्हरफ्रंट, कांकरिया तलाव, रात्री माणेक चौकातलं खाणं आणि वेळ उरलाच तर अडालजची पायऱ्यांची विहीर. यादी चांगलीच आहे. पण ज्या धंद्यामुळे हे शहर वाढलं, श्रीमंत झालं आणि ज्यामुळे गांधीजींनीही राहण्यासाठी हेच शहर निवडलं, तो कापडाचा धंदा या यादीत कुठेच दिसत नाही.

एकेकाळी अहमदाबादला 'भारताचं मँचेस्टर' म्हणत. इथे साठहून अधिक कापडगिरण्या होत्या. आज त्यातल्या बहुतेक बंद आहेत. काहींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, काहींची फक्त चिमणी उरली. मग आता पाहायचं काय? गिरण्यांच्या पैशातून आणि गिरणी कामगारांच्या घामातून जे उभं राहिलं ते अजून शहरभर पसरलेलं आहे. फक्त ते कुठे आहे आणि एकमेकांशी कसं जोडलेलं आहे, हे माहीत हवं.

थोडक्यात

- स्थापना: १४११, सुलतान अहमदशहा पहिला
- पहिली कापडगिरणी: १८६१ मध्ये सुरू, संस्थापक रणछोडलाल छोटालाल
- गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप: फेब्रुवारी-मार्च १९१८
- युनेस्कोचा जागतिक वारसा शहराचा दर्जा: जुलै २०१७, हा मान मिळवणारं भारतातलं पहिलं शहर
- फिरण्यासाठी चांगला काळ: नोव्हेंबर ते फेब्रुवारी
- किती दिवस हवेत: किमान दोन

गिरण्यांच्या आधीही हे कापडाचंच शहर होतं

अहमदाबादबद्दल एक जुनी म्हण आहे. हे शहर सूत, रेशीम आणि सोन्याची जर अशा तीन धाग्यांवर लटकलेलं आहे. मुघल काळात इथलं किनखाब आणि रेशमी कापड दूरदूर जाई. शहराजवळच्या सरखेजची नीळ युरोपात प्रसिद्ध होती आणि तिच्यासाठी इंग्रज व डच व्यापाऱ्यांनी इथे वखारी काढल्या होत्या. कांकरिया तलावाजवळ असलेली डच लोकांची जुनी थडगी ही त्याच व्यापाराची खूण आहे.

या व्यापारावर इथल्या जैन आणि वैष्णव सावकारांची आणि 'महाजन' म्हणजे व्यापारी संघांची पकड होती. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. कानपूरसारख्या शहरात गिरण्या आणि कारखाने मुख्यतः इंग्रज भांडवलदारांनी काढले. अहमदाबादमध्ये मात्र पैसा, मालक आणि बाजार हे सगळं स्थानिक होतं.

रणछोडलाल छोटालाल हे मूळचे सरकारी नोकर. त्यांनी गिरणीची कल्पना मांडली तेव्हा अहमदाबादला रेल्वे नव्हती. इंग्लंडहून मागवलेल्या यंत्रांची पहिली खेप समुद्रातच नष्ट झाली. पुन्हा मागवलेली यंत्रं खंभातच्या बंदरात उतरवून बैलगाड्यांनी शहरात आणावी लागली. १८६१ मध्ये शाहपूर भागात गिरणी सुरू झाली. तीन वर्षांनी, १८६४ मध्ये मुंबईपर्यंतची रेल्वे सुरू झाली आणि मग गिरण्यांची संख्या वाढतच गेली. रणछोडलाल पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि लोकांचा विरोध पत्करून त्यांनी नळाचं पाणी आणि भुयारी गटारं या योजना रेटल्या. गिरणी मालकांनी शहराचा कारभारही हाती घेण्याची सुरुवात इथून झाली.

कोटाच्या आत काय पाहाल?

जुनं अहमदाबाद साबरमतीच्या पूर्व काठावर आहे. त्याभोवतीचा कोट विसाव्या शतकात बराचसा पाडला गेला, पण दिल्ली दरवाजा, रायपूर दरवाजा, आस्टोडिया दरवाजा असे कितीतरी दरवाजे अजून उभे आहेत. युनेस्कोचा दर्जा आहे तो याच कोटाच्या आतल्या शहराला.

*हेरिटेज वॉक.* महानगरपालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेला हा पायी फेरा जुनं शहर समजून घेण्याची सगळ्यात सोपी वाट आहे. कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सकाळी निघायचं आणि पोळांमधून वाट काढत जामा मशिदीपर्यंत पोहोचायचं. सोबत माहिती सांगणारा मार्गदर्शक असतो. १८२२ मध्ये उभं राहिलेलं हे स्वामिनारायण संप्रदायाचं पहिलं मंदिर. त्याच्या हवेलीचं लाकडी कोरीवकाम सावकाश पाहा.

*पोळ.* पोळ म्हणजे एकाच दरवाजाच्या आत वसलेली वस्ती. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना चिकटून घरं, मध्ये एखादं मंदिर आणि पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला 'चबुतरो'. एका पोळात बहुधा एकाच जातीची किंवा धंद्याची माणसं राहत. रात्री दरवाजा बंद झाला की वस्ती सुरक्षित. अनेक जुन्या घरांच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवण्याचं टाकं आहे आणि त्यावरच उन्हाळा निघत असे. कोरीव लाकडी सज्जे, खांब आणि तोडे पाहताना एक लक्षात ठेवा: इतकं लाकूड बाहेरून आणून कोरून घेणं कापडाच्या व्यापारातल्या पैशामुळेच शक्य झालं. पोळांमध्ये आजही कुटुंबं राहतात, त्यामुळे कुणाच्या दारात डोकावण्याआधी किंवा फोटो काढण्याआधी विचारा.

*जामा मशीद आणि माणेक चौक.* १४२४ मध्ये पूर्ण झालेल्या या मशिदीच्या आत अडीचशेहून अधिक खांब आहेत. इमारत सुलतानाची असली तरी तोडे, कमळं आणि घंटांचं कोरीवकाम स्थानिक हिंदू-जैन कारागिरांच्या परंपरेतलं आहे. हलवला की दुसराही हलतो अशी ख्याती असलेल्या तिच्या मिनारांचा वरचा भाग १८१९ च्या भूकंपात पडला. बाजूलाच अहमदशहाची कबर आणि 'रानीनो हजिरो' म्हणजे राण्यांच्या कबरी आहेत. या कबरींच्या भोवती आज दागिने आणि कपड्यांचा बाजार भरतो. शेजारचा माणेक चौक दिवसभरात रूप बदलतो. दिवसा सराफ बाजार, रात्री खाऊगल्ली. अहमदाबादचा शेअर बाजार १८९४ मध्ये सुरू झाला तोही याच परिसरात. गिरण्यांच्या शेअर्सची खरेदी-विक्री इथेच होई.

*सिदी सैयदची मशीद.* शहराचं चिन्हच बनलेली दगडी जाळी इथे आहे. एकाच झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंफत गेल्या आहेत आणि तो दगड आहे यावर पटकन विश्वास बसत नाही. गुजरातच्या सुलतानशाहीत मोठ्या पदाला पोहोचलेल्या हबशी वंशाच्या सिदी सैयदने १५७२-७३ च्या सुमारास ती बांधली. त्याच वेळी अकबराने गुजरात जिंकलं. अहमदाबादच्या आयआयएमचं बोधचिन्ह याच जाळीवरून घेतलं आहे.

*कापडबाजार.* तीन दरवाजाजवळचा ढालगरवाड, पांचकुवा, मस्कती मार्केट आणि रायपूर दरवाजाबाहेरचं न्यू क्लॉथ मार्केट. गिरण्या बंद पडल्या तरी कापडाचा व्यापार थांबलेला नाही, हे इथे कळतं. पाठीवर आणि हातगाडीवर ठाण वाहून नेणारे हमाल, गादीवर बसलेले शेठ आणि भिंतीला लागून रचलेले कापडाचे गठ्ठे. खरेदी करायची नसली तरी तासभर काढावा असा भाग आहे.

मराठी माणसाने आवर्जून पाहाव्यात अशा खुणा

अहमदाबादवर सुमारे साठ वर्षं मराठ्यांचा अंमल होता, हे अनेकांना माहीत नसतं. १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी शहर घेतलं. १७५६ मध्ये ते हातचं गेलं आणि १७५८ मध्ये पुन्हा जिंकलं. त्यानंतर शहराचा महसूल पेशवे आणि गायकवाड यांनी वाटून घेतला. पेशव्यांचा सुभेदार भद्रच्या किल्ल्यात राही, तर गायकवाडांचा कारभार रायखडमधल्या हवेलीतून चाले. १८१७ मध्ये शहर इंग्रजांकडे गेलं.

भद्रच्या किल्ल्यातलं भद्रकाली मंदिर मराठ्यांच्या काळातलं आहे. गायकवाड हवेली आजही उभी आहे आणि तिथे पोलिसांची कार्यालयं आहेत. याच हवेलीत 'बंधुत्व स्मारक' आहे. १ जुलै १९४६ रोजी शहरात दंगल उसळली असताना वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोन मित्र जमावासमोर उभे राहिले आणि दोघेही मारले गेले. एक मराठी हिंदू, दुसरा गुजराती खोजा मुसलमान. अहमदाबादमध्ये आजही त्यांचं नाव 'वसंत-रजब' असं एकत्रच घेतलं जातं.

आणखी एक नाव म्हणजे गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, पण वकिली आणि सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेत गेलं. ते इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि पुढे स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती झाले.

शेठांचा पैसा कुठे दिसतो?

*हठीसिंग जैन मंदिर.* दिल्ली दरवाजाबाहेरचं हे पांढऱ्या संगमरवराचं मंदिर १८४८ मध्ये पूर्ण झालं. व्यापारी हठीसिंग केसरीसिंग यांनी काम हाती घेतलं, पण त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी ते तडीस नेलं. हे गिरण्यांच्या आधीच्या श्रीमंतीचं उदाहरण. हाच पैसा पुढच्या पिढ्यांनी गिरण्यांत गुंतवला.

*मंगलदास शेठांचं घर.* सिदी सैयद मशिदीसमोर गिरणी मालक मंगलदास गिरधरदास यांचं १९२४ मधलं घर आहे. आता ते 'हाऊस ऑफ एमजी' नावाचं हॉटेल आहे. तिथे राहिलात नाही तरी अंगणात चहा घेता येतो आणि गिरणी मालकांचं राहणीमान कसं होतं याचा अंदाज येतो.

*कॅलिको म्युझियम.* शाहीबागमध्ये साराभाई कुटुंबाच्या जागेत असलेलं हे कापडाचं संग्रहालय जगातल्या अशा मोजक्या संग्रहालयांत गणलं जातं. कॅलिको मिलचे साराभाई बंधू-भगिनी गौतम आणि गीरा यांनी ते १९४९ मध्ये सुरू केलं. मुघल तंबूंची कनाती, पटोळी, काश्मिरी शाली, पिछवाया आणि देशभरातलं भरतकाम इथे जपलेलं आहे. प्रवेश मर्यादित असतो, आधी नोंदणी करावी लागते, मार्गदर्शकासोबतच फिरावं लागतं आणि फोटो काढता येत नाहीत. प्रवासाची तारीख ठरली की सगळ्यात आधी हीच नोंदणी करा. बुधवारी संग्रहालय बंद असतं.

*कॉर्बुझिएच्या इमारती.* चंदीगडची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाने अहमदाबादमध्ये चार इमारती केल्या. त्यातली आश्रम रोडवरची एक तर थेट गिरणी मालकांच्या संघटनेचीच. १९५४ ची ही 'आत्मा हाऊस' बाहेरून पाहिली तरी तिचं वैशिष्ट्य कळतं. पश्चिमेचं कडक ऊन आत येऊ नये म्हणून तिरक्या काँक्रीटच्या भिंती लावल्या आहेत आणि मागची बाजू नदीच्या वाऱ्यासाठी मोकळी ठेवली आहे. पालडीचं संस्कार केंद्रही त्याचंच. उरलेल्या दोन इमारती खासगी घरं आहेत.

*संस्था.* कस्तुरभाई लालभाई आणि विक्रम साराभाई ही दोन्ही नावं गिरणी मालक घराण्यांतली. कापडावर संशोधन करणारी 'अटिरा', भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, आयआयएम अशा संस्था उभ्या राहण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आयआयएमचा लाल विटांचा परिसर लुई कान या अमेरिकी वास्तुविशारदाचा. आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते. भारताचा अवकाश कार्यक्रम उभा करणारा माणूस कॅलिको मिलच्या मालकाचा मुलगा होता, हे लक्षात घेतलं की गिरण्यांचा पैसा किती दूर पोहोचला ते समजतं.

साबरमती आश्रम आणि १९१८ चा संप

गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर अहमदाबादलाच का आले? त्यांनी आत्मचरित्रात कारणं दिली आहेत. हे हातमागाचं जुनं केंद्र होतं, त्यामुळे हातसुताचं काम इथे नीट होईल असं त्यांना वाटलं. शिवाय इथले धनिक आर्थिक मदत करतील अशी आशा होती. म्हणजे चरखा आणि गिरणी या दोन्ही गोष्टी या निवडीत होत्या.

मे १९१५ मध्ये कोचरब इथे भाड्याच्या बंगल्यात पहिला आश्रम सुरू झाला. तिथे एका दलित कुटुंबाला सामावून घेतल्यावर मदत आटली. तेव्हा एका शेठने मोटारीतून येऊन १३ हजार रुपये दिले आणि तो लगेच निघून गेला. गांधीजींनी त्याचं नाव लिहिलेलं नाही, पण ते अंबालाल साराभाई होते असं मानलं जातं.

तीनच वर्षांनी हेच अंबालाल आणि गांधीजी आमनेसामने आले. १९१७ मध्ये शहरात प्लेग पसरला. कामगार गावी पळू नयेत म्हणून मालकांनी जादा बोनस दिला आणि साथ ओसरल्यावर तो बंद केला. महागाई मात्र तशीच होती. कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडले आणि २२ फेब्रुवारी १९१८ ला टाळेबंदी झाली. मालकांचे नेते होते अंबालाल साराभाई. कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्या सख्ख्या बहीण अनसूयाबेन. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा होत. कामगारांचा धीर सुटू लागला तेव्हा १५ मार्चला गांधीजींनी उपोषण सुरू केलं. भारतातल्या सार्वजनिक लढ्यातलं हे त्यांचं पहिलं उपोषण. तीन दिवसांत तडजोड झाली आणि पुढे लवादाने ३५ टक्क्यांचा निवाडा दिला. याच लढ्यातून 'मजूर महाजन संघ' ही कामगार संघटना उभी राहिली. तिचं कार्यालय भद्र भागात आहे. या संघटनेच्या महिला विभागातून १९७२ मध्ये इला भट्ट यांनी 'सेवा' ही असंघटित कामगार महिलांची संघटना काढली.

आता आश्रमाकडे. जून १९१७ मध्ये गांधीजी सध्याच्या जागी आले आणि १२ मार्च १९३० ला इथूनच ७८ सहकाऱ्यांसह दांडीला निघाले. 'हृदयकुंज' हे त्यांचं घर, प्रार्थनाभूमी आणि चार्ल्स कोरिया यांनी आखलेलं १९६३ चं संग्रहालय पाहा. विनोबा जिथे राहिले ती कुटी इथे आहे. काकासाहेब कालेलकर आणि आश्रमात भजनं बसवणारे संगीतकार पंडित नारायण मोरेश्वर खरे हेही इथलेच आश्रमवासी. प्रवेश मोफत आहे. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी मिळते.

जो भाग कुणी दाखवत नाही

आतापर्यंत आलेली ठिकाणं मालकांची, सुलतानांची आणि नेत्यांची. गिरण्या जिथे होत्या तो भाग कोटाच्या बाहेर पूर्वेला आणि उत्तरेला आहे: सरसपूर, गोमतीपूर, रखियाल, असारवा, नरोडा रोड. मुंबईचं लालबाग-परळ माहीत असलेल्या माणसाला हा भाग ओळखीचा वाटेल. कामगारांच्या चाळी, अरुंद गल्ल्या, गिरणीची लांबलचक भिंत आणि मध्येच उभी विटांची चिमणी.

गिरणीच्या आत कामाची वाटणी जातीनुसार होती. कातण खात्यात दलित कामगार, विणकाम खात्यात मुख्यतः मुसलमान आणि पाटीदार. विणकामात पगार जास्त मिळे. पण धोट्याच्या भोकातून सूत ओठांनी ओढून घ्यावं लागे आणि 'विटाळ' होतो म्हणून दलितांना त्या खात्यात घेत नसत. शहरातल्या सुंदर जाळ्या आणि सज्जे पाहताना हेही त्याच शहराचं वास्तव होतं, हे विसरू नये.

गिरण्या का बंद पडल्या? कारणं एकापेक्षा जास्त. यंत्रं जुनी झाली आणि मालकांनी नवी घेतली नाहीत. भिवंडी, इचलकरंजी, सुरतच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघू लागलं. कृत्रिम धाग्याच्या कापडाची मागणी वाढली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर आजारी गिरण्या बंद होण्याचा वेग वाढला. १९८० आणि ९० च्या दशकांत एक लाखाच्या आसपास कामगारांचं काम गेलं. मुंबईत १९८२ च्या संपाची निदान आठवण तरी मोठी आहे. अहमदाबादच्या गिरण्या मात्र एकेक करून गपचूप बंद होत गेल्या. कामगारांपैकी अनेकांनी रिक्षा चालवली, भाजीची गाडी लावली, यंत्रमागावर कमी पगारात काम धरलं. घर चालवण्यासाठी बायकांनी घरी बसून शिवणकाम, उदबत्त्या आणि विड्यांचं काम घेतलं. सगळ्याच गिरण्या मात्र बंद झालेल्या नाहीत. लालभाई घराण्याची १९३१ मध्ये सुरू झालेली अरविंद मिल अजून चालू आहे.

हा भाग मेट्रोतूनही पाहता येतो. वस्त्राल ते थलतेज या पूर्व-पश्चिम मार्गावर अमराईवाडीपासून ॲपरल पार्कपर्यंत गाडी उंचावरून जाते, त्यामुळे औद्योगिक वस्ती वरून दिसते. पुढे ती जमिनीखाली शिरते आणि कालूपूर, घीकांटा, शाहपूर करत नदीपलीकडे नवीन शहरात निघते. एका तिकिटात कामगारांचं, व्यापाऱ्यांचं आणि आजचं अशी तिन्ही अहमदाबाद पार होतात. उतरून फिरायचं असेल तर दिवसा, शक्यतो ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर जा. बंद गिरण्यांच्या आवारात विनापरवाना शिरू नका. तिथली बांधकामं मोडकळीला आलेली असतात.

वारसा कोणता आणि कोणाचा?

युनेस्कोची सीमारेषा कोटापाशी थांबते. त्यामुळे पोळांमधल्या हवेल्यांना निदान नियमांचं काही संरक्षण आहे. गिरण्या त्या रेषेबाहेर आहेत. गिरणीची जमीन शहराच्या मध्यात आणि महाग, त्यामुळे चिमणी पाडून इमारती बांधण्याचा मोह मोठा असतो. मुंबईच्या गिरणगावात काय झालं ते आपण पाहिलंच आहे.

कोटाच्या आतही सगळं सुरक्षित नाही. जुनं लाकडी घर दुरुस्त करणं महाग पडतं, मुलं पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये राहायला जातात आणि रिकाम्या हवेल्यांची गोदामं होतात. रिलीफ रोडवरचा कॅलिको डोम हेही असंच उदाहरण. साराभाईंनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या कापडाच्या दुकानासाठी उभारलेला हा घुमट २००१ च्या भूकंपात कोसळला आणि पुढे कितीतरी वर्षं तसाच पडून होता. चारशे वर्षांची मशीद 'वारसा' आहे हे सगळ्यांना पटतं. साठ वर्षांचं दुकान किंवा शंभर वर्षांची चिमणी हाही वारसा आहे, हे पटेपर्यंत अनेकदा ती वास्तू उरलेली नसते.

दोन दिवसांचा आराखडा

*पहिला दिवस, जुनं शहर.* सकाळी स्वामिनारायण मंदिर ते जामा मशीद हेरिटेज वॉक. मग रानीनो हजिरो आणि ढालगरवाड. दुपारी तीन दरवाजा, भद्रचा किल्ला, सिदी सैयदची मशीद. संध्याकाळी १८९२ चा लोखंडी एलिस ब्रिज आणि रिव्हरफ्रंट. रात्री माणेक चौक. रविवार असेल तर एलिस ब्रिजजवळचा गुजरी बाजारही बघा.

*दुसरा दिवस, गिरण्यांचं शहर.* सकाळी ठरलेल्या वेळी कॅलिको म्युझियम. शाहीबागेतच मोती शाही महालात सरदार पटेलांचं स्मारक आहे. शाहजहानच्या काळातल्या या वाड्यात तरुणपणी रवींद्रनाथ टागोर राहिले होते. पुढे हठीसिंग मंदिर आणि असारव्याची दादा हरीर वाव. दुपारनंतर साबरमती आश्रम, परतताना आत्मा हाऊस. वेळ असेल तर मेट्रोने पूर्वेकडे एक फेरी.

तिसरा दिवस मिळाला तर सरखेज रोजा आणि अडालजची वाव.

जाण्याआधी लक्षात ठेवा

- मुंबईहून रेल्वेने अंतर सुमारे ४९० किलोमीटर. तिकिटावर स्टेशन नीट पाहा. मुख्य स्टेशन कालूपूरला आहे, पण काही गाड्या साबरमती, मणिनगर किंवा असारव्याहून सुटतात.
- एप्रिल ते जून पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा जुन्या शहरात सकाळीच फिरा.
- १४ जानेवारीच्या उत्तरायणला पोळांच्या गच्च्यांवरून पतंग उडवतात. शहर पाहायला हा उत्तम काळ, पण राहण्याची सोय खूप आधी करा. दुचाकीवर असाल तर मांजापासून गळा जपा.
- मशिदी आणि मंदिरांत खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. नमाजाच्या वेळी आत जाऊ नका.
- जुन्या शहरात गाडी नेऊ नका. मेट्रो, रिक्षा आणि पाय हेच उपयोगी पडतात.
- गुजरातमध्ये दारूबंदी आहे. सोबत बाटली नेणं महागात पडू शकतं.

आणि फिरताना पूर्वेकडे विटांची एखादी चिमणी दिसली, तर तिचाही एक फोटो काढा. जामा मशीद पुढच्या वेळीही तिथेच असेल. चिमणीबद्दल तसं सांगता येत नाही.